गाव फुटलं, गावकूस फुटलं नाही

(जोहे, तालुका पेण, इथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. एकदोन ठिकाणी मागाहून भर घातली आहे.)



तुम्ही ज्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलाय तिच्या मागच्या भिंतीला सत्तरऐंशी गणपती उभे आहेत. पांढरेफटक. रंग नाही, डोळे नाहीत. जोहे, हमरापूर, कळवे ह्या पट्ट्यात पाऊल टाकाल तिथं मूर्तीचा कारखाना. मीसुद्धा दहावीनंतर आठ वर्षं ह्याच कामावर होतो. साच्यातून काढायचं, घासायचं, रंगवायचं. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा आणि त्याची मजुरीही वेगळी. मी शेवटी आखणीपर्यंत पोचलो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं पोरगं गणपतीला डोळे काढून देत होतं! वाड्यातले एक काका चिडवायचे, काय रे, कुठं गेल्या तुझ्या प्रतिज्ञा? मी म्हणायचो, काका, पूजा करत नाही, हजेरी भरतो. हसताय काय? तुमच्यातले निम्मे अशीच हजेरी भरताय, फक्त तुमचा देव कंपनीच्या गेटवर उभा असतो.

तर मला विषय दिलाय, खाडीपलीकडच्या खेड्यापाड्यांची शहरं कशी झाली. तुम्ही कुणी कळंबोलीहून आलाय, कुणी कामोठ्याहून, कुणी तुर्भ्याहून, कुणी दिघ्याहून. तुमचे पत्ते वेगवेगळे, महापालिका वेगवेगळ्या, पाण्याचे टँकर वेगवेगळे. पन्नास वर्षांपूर्वी ह्यातलं काहीच नव्हतं. पनवेलचा बाजार होता, उरणची मिठागरं होती, खाडीच्या कडेनं भातखाचरं आणि कोळीवाडे होते. ह्या गावची पोर त्या गावात दिलेली. सगळा एकच मुलूख.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकात मांडलं की मुंबईची गर्दी उत्तरेकडे ढकलू नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा. कल्पना शहाणपणाचीच होती, त्यात वाद नाही. पण नकाशा मुंबईच्या टेबलावर पसरला की खाडीपलीकडे मोकळं दिसतं. माणूस नकाशावर दिसत नाही, त्यातही भूमिहीन माणूस तर मुळीच नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन. १९७३ मध्ये वाशीच्या खाडीवर पूल आला. गावाला आता ‘नोड’ म्हणायचं ठरलं. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली, खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे, द्रोणागिरी. नावं गावांचीच उचलली. गाव मात्र नोडच्या पोटात ‘गावठाण’ म्हणून उरलं. चहूबाजूंनी आखीव सेक्टर आणि मधे एक वेडीवाकडी गाठ.

मग तुकडे पडायला लागले. १९९२ मध्ये मानखुर्दवरून वाशीला लोकल आली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिका सुरू झाली. पण कुठपर्यंत? दिघ्यापासून बेलापूरपर्यंत. ती ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला आपण कुलाबा म्हणायचो त्या जिल्ह्यात. एका संस्थेनं आखलेलं एकच शहर, त्याचे दोन जिल्हे झाले. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. तिची महापालिका व्हायला २०१६ साल उजाडलं. १ ऑक्टोबरला तिच्यात २९ गावं घातली आणि लगेच भांडण, की सिडकोचा सेवाकर भरायचा की महापालिकेचा मालमत्ता कर. उरणची कथा आणखी वेगळी. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, रस्त्यावर कंटेनर धावायला लागले. शेजारी उलव्याचे टॉवर, आणि कारभार अजून ग्रामपंचायतीचा. त्यात २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचा म्हणून ‘नैना’ काढला. एका आज्याचे चार नातू चार राज्यांत राहावेत तसं झालं. एकाला चोवीस तास पाणी आणि दुसऱ्याच्या दारात दिवसाआड टँकर.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही सरकारी पुस्तिकेत सापडेल. पुस्तिका म्हणते, आधी एक गाव होतं, मग त्याची शहरं झाली. मी विचारतो, एक गाव कधी होतं?

माझी मावशी पनवेलजवळच्या ज्या गावात दिली होती त्या गावाचं नाव मी घेत नाही. गावठाण उंचवट्यावर. बौद्धवाडा ओढ्याच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात ओढा आधी आमच्या चुलीत यायचा. मावशीकडे गुंठाभर जमीन नाही. लावणीला दुसऱ्याच्या खाचरात, उन्हाळ्यात मिठागरावर. जमिनी गेल्या तेव्हा गावात नोटिसा आल्या. वरच्या आळीत रडारड, सभा, वकील. मावशीच्या दारात नोटीस आलीच नाही. नोटीस यायलासुद्धा जमीन लागते! तिचं काय गेलं होतं? लावणी गेली, झोडणी गेली, बांधावरचा पाला, ओढ्यातले खेकडे, चार महिन्यांचं धान्य गेलं. ह्यातलं सातबाऱ्यावर कुठं लिहिलेलं असतं?

जानेवारी १९८४ मध्ये जासईला आणि आसपास शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. १६ आणि १७ तारीख. पाच माणसं मारली गेली. दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी. मावशीचा नवरा त्या गर्दीत होता. त्याला विचारलं होतं, तुझी जमीन गेली नाही, तू कशाला गेलास? तो म्हणाला, गाव गेला म्हणून गेलो. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. देशात दुसरीकडे दाखवावी अशी गोष्ट, रक्त सांडून मिळवलेली. त्या हुतात्म्यांपुढे मी मान झुकवतो. पण टक्का काढायला आधी शंभर लागतात. शून्याचे साडेबारा टक्के किती, हे मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती. भूमिहीनांना, बलुतेदारांना लहानसा तुकडा देण्याची सोय कागदावर आली, पण कागद वाचणारा, धावणारा, टेबलाटेबलावर उभा राहणारा माणूस घरात पाहिजे. मावशीच्या घरात तो नव्हता.

आता त्या खाचरावर चौदा मजली इमारत आहे. मावशीनं तिथं तीन घरची धुणीभांडी केली. एकदा मी तिला घ्यायला गेलो तर गॅलरीतून खाली बोट दाखवून म्हणाली, तो वॉचमनचा खोपटा आहे ना, तिथं आमची विहीर होती रे. मग थांबून म्हणाली, आमची म्हणजे त्यांची.

आमच्यावर उलटा आरोप येईल म्हणून आधीच सांगतो. ह्या जिल्ह्यातल्या आगरी, कुणबी कुळांशी आमचं वैर नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. जमीन पडीक ठेवली, सहा वर्षं उपाशी राहिले. १९३४ मध्ये बाबासाहेब स्वतः चरीला आले. १९३७ मध्ये खोती मोडण्याचं विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात आणलं. पुढे कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. त्या मालकीवर पुढचे साडेबारा टक्के उभे आहेत. मी उपकार मोजत नाही. फक्त एवढंच, की कूळ मालक झालं तेव्हा कुळाच्या शेतात राबणारा मजूर कुठल्याच रजिस्टरात नव्हता.

आणि महारवतन? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडलं तेव्हा आपल्याच लोकांना वाटलं, तुकडा जाईल. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली आणि जमिनी अटींवर परत दिल्या, विकायला कलेक्टरची परवानगी. अट चांगली होती. पण मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसाचा तुकडा गावात कुणी कसला, कुणाच्या नावावर चढला, हे आपल्यापैकी किती जणांनी तलाठ्याकडं जाऊन पाहिलंय? हात वर करा. दोन. बरं.

कुणी म्हणेल, गाव फुटलं तर तुला काय एवढं दुःख? खरंय. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत झोडपलं होतं. गाव सोडा, हे त्यांनीच सांगितलं. मी गावासाठी रडत नाही. कळंबोलीतल्या माझ्या चुलतभावाच्या घरात नळ स्वयंपाकघरात आहे, पाणवठ्यावर ताटकळत उभं राहावं लागत नाही. हे लहान नाही. महाडच्या तळ्यासाठी ह्याच जिल्ह्यात १९२७ मध्ये डोकी फुटलीत. पण १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या वेगळ्या वसाहतींची मागणी झाली ती जमिनीसकट झाली होती. आपल्याला काय मिळालं? वेगळेपणा मिळाला, जमीन नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली आपली माणसं तुर्भ्याच्या, दिघ्याच्या डोंगरातल्या खाणींवर खडी फोडत राहिली. त्याच खडीचं शहर झालं आणि त्यांची वस्ती ‘अतिक्रमण’ ठरली. ती ना गावातली, ना नोडमधली. इथल्या बौद्धवाड्याला ती परकी वाटली, हे पण कबूल करा. आपणही गावकूस बांधतो.

आता ऐका, कारण हे चालू आहे. गावठाणालगतची गरजेपोटी बांधलेली घरं कायम करायचा निर्णय सरकारनं घेतला. कसा? गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटर, पुढे २५० मीटर. मावशीच्या मुलानं एका कार्यालयात अर्ज दिला. तिथला माणूस नकाशावर पट्टी ठेवून म्हणाला, तुमचा वाडा हद्दीबाहेर जातो. अरे, जाणारच! हद्दीबाहेर राहायचं हे आम्ही ठरवलं होतं का? शेकडो वर्षं जे अंतर आमच्या विटाळाचं माप होतं, तेच आता बेकायदेशीरपणाचं माप झालं. त्या माणसाला ह्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. त्यानं पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि जेवायला गेला.

हे सगळं जोह्याला येऊन का सांगतोय? कारण शहर इकडे निघालंय. पेणमध्ये एकदा ते परतवलं होतं. महामुंबई सेझच्या वेळी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला जनमत घेतलं, लोकांनी जमीन द्यायला नकार दिला आणि पुढे ते संपादन बारगळलं. एन. डी. पाटलांसारखी माणसं उभी होती. मोठा विजय. पण मत खातेदाराचं होतं. वाडीतल्या कातकऱ्याला, वाड्यातल्या मजुराला कुणी विचारलं नाही, आणि आपणही विचारायला लावलं नाही.

१२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नव्या शहराचं प्राधिकरण नेमलं. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर, लोक म्हणतात ‘तिसरी मुंबई’. चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या गोळीबाराचं गाव. हजारो हरकती दाखल झाल्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ च्या जूनमध्ये हजारो माणसं रस्त्यावर होती. नाव दिलंच पाहिजे. पण नावाच्या पाटीखाली झाडू कोण मारणार, त्याची यादी आधीच तयार असते. भूमिहीनांची यादी मात्र कुणी करत नाही.

ती आपण करायची. मोजणी सुरू व्हायच्या आधी. मोजणीनंतर केलेली यादी म्हणजे भीक मागायची यादी. सातबारा नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहा, घर कुणाच्या नावावर आहे, आहे की नाही. लाइटबिल, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जुनी मतदारयादी. वतनाची जमीन होती का, कुणाकडे गेली, फेरफार कधी झाला. घरात कोण कुठं मजुरीला जातं, हेही लिहा. मूर्तीच्या कारखान्यात, वीटभट्टीवर, खाडीत, कंपनीत. जमीन गेली की हे काम पण जातं, हे कागदावर आलं पाहिजे. कातकरी वाडीत जाताना पाहुण्यासारखे जाऊ नका, आणि पुढाऱ्यासारखे तर नकोच. त्यांच्याकडचा माणूस बरोबर घ्या. वाडीचा नकाशा हातानं काढा. कागदावर ओढा, वाट, विहीर, स्मशान, बुद्धविहार. गावठाणाची हद्द त्यावर लाल पेन्सिलीनं दाखवा आणि अंतर स्वतः टेप धरून मोजा.

पाच-पाचच्या तुकड्या केल्यात, नावं दाराजवळ लावलीत. मुली प्रत्येक तुकडीत आहेत, बायकांशी त्या बोलतील, पोरांनी मधे तोंड घालू नये. सकाळी आठला हमरापूर फाट्यावर जमायचं. वही स्वतःची आणा, इथं मिळणार नाही. आणि आता उठताना मागच्या मूर्तींना धक्का लावू नका, ओल्या आहेत. त्यातल्या दोन-तीन ओळींची मजुरी आपल्याच वाड्यातल्या पोरांना मिळायचीय.

जय भीम.