फिनहासाचा भाला, अब्राहामाचे तारे

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



देवाच्या नावावर पैसा करणारा, लोकांना फसवणारा माणूस प्रत्येक धर्माने पाहिलेला आहे. त्याच्याविषयी आज मला काही सांगायचं नाही. मला बोलायचं आहे ते प्रामाणिक माणसाविषयी. हा पहाटे उठून प्रार्थना करतो, उपास चुकवत नाही, पदरमोड करून धर्मकार्य करतो आणि धर्मासाठी कोणावर हात उगारला, तर तोही अगदी शुद्ध मनाने उगारतो. ख्रिस्ती धर्मग्रंथातला सगळ्यांत अवघड प्रश्न मला वाटतं याच माणसाला विचारलेला आहे. तुझी कळकळ खरी आहे, हे मान्य. पण तिच्या बळावर तू देवापुढे नीतिमान ठरतोस का?

जुन्या करारात दोन माणसांच्या गोष्टी आहेत. पहिली गणनाच्या 25व्या अध्यायात येते. इस्राएल लोकांनी शिट्टीम येथे तळ दिला आहे, परक्या दैवतांच्या नादी लागल्यामुळे छावणीत मरी पसरली आहे, लोक दर्शनमंडपाच्या दाराशी रडत बसले आहेत. अशा वेळी एक इस्राएली सरदार सगळ्यांच्या देखत एका मिद्यानी स्त्रीला छावणीत घेऊन येतो. अहरोनाचा नातू फिनहास उठतो, भाला उचलतो, त्यांच्या मागोमाग तंबूत शिरतो आणि एकाच घावात दोघांना भोसकतो. मरी थांबते. तोवर 24,000 माणसं गेलेली असतात. पुढे 106वं स्तोत्र सांगतं, की फिनहासाचं हे कृत्य त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं.

दुसरी गोष्ट उत्पत्तीच्या 15व्या अध्यायातली. अब्राहाम, ज्याचं नाव तेव्हा अजून अब्राम होतं, म्हातारा झाला आहे आणि त्याला मूलबाळ नाही. देव त्याला रात्री बाहेर नेतो, आकाशातले तारे दाखवतो आणि म्हणतो, तुझी संतती इतकी होईल. अब्राहाम विश्वास ठेवतो. त्या क्षणी तो दुसरं काहीही करत नाही. यज्ञ नाही, नवस नाही, भाला तर नाहीच. आणि हा विश्वास त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणला जातो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या आवेशी यहुदी तरुणाला फिनहास हा आदर्श वाटे. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात म्हातारा मत्तथ्या मोदीन गावी परक्या वेदीवर बळी अर्पण करणाऱ्या आपल्याच माणसाला ठार मारतो, आणि ग्रंथकार त्याची तुलना फिनहासाशी करून त्याला गौरवतो. तार्सचा शौल, म्हणजे पुढचा पौल, या वातावरणात वाढला. फिलिप्पैकरांना लिहिताना तो आपली जुनी मिळकत मोजून दाखवतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राच्या दृष्टीने परुशी, नियमपालनात निर्दोष. आणि आवेशाचा पुरावा म्हणून काय देतो? ख्रिस्ती मंडळीचा छळ. स्तेफन या ख्रिस्तभक्ताला दगडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं याच तरुणाच्या पायाशी ठेवली होती. त्याने त्या दिवशी स्वतः धोंडा उचलल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत म्हटलेलं नाही. तो उभा होता आणि त्याला ते मान्य होतं.

हाच छळ करायला दिमिष्काकडे निघालेल्या शौलाला वाटेत प्रकाश दिसला, ख्रिस्ताची वाणी ऐकू आली आणि तो ख्रिस्ताचा झाला. त्या प्रकाशाचं आणि त्या वाणीचं स्पष्टीकरण मी देत बसणार नाही. महत्त्वाचं आहे ते पौलाच्या हाती लागलेलं दुःखद सत्य. आपली देवभक्ती जेव्हा अगदी कळसाला पोहोचली होती, नेमकं तेव्हाच आपण देवाच्या विरुद्ध उभे होतो. त्या दिवशी त्याला चोरी किंवा व्यभिचार सोडावा लागला नाही. सोडावं लागलं ते नीतिमत्त्व.

पुढे रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो हे सांगताना पौल पुन्हा पुन्हा अब्राहामाकडे जातो. फिनहासाचं नाव त्याच्या पत्रांत कुठेही येत नाही. शास्त्र तोंडपाठ असलेल्या परुश्याला ते स्तोत्र ठाऊक नव्हतं, असं म्हणता येणार नाही. दोन्ही माणसं त्याच्यासमोर होती. त्याने एकाला निवडलं आणि दुसऱ्याविषयी तो गप्प राहिला. त्याच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा मला हे मौन जास्त बोलकं वाटतं.

रोमकरांस पत्र साधारण सन 57च्या सुमारास करिंथहून लिहिलेलं आहे. त्याच्या 10व्या अध्यायात पौल आपल्या यहुदी बांधवांविषयी म्हणतो, की त्यांची देवाविषयीची कळकळ खरी आहे, याला मी साक्षी आहे. पण तिला ज्ञानाची जोड नाही आणि ते स्वतःचं नीतिमत्त्व उभं करू पाहत आहेत. इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगितली पाहिजे. हे बोलणारा त्यांच्यातलाच एक होता. त्याआधीच्याच अध्यायात, माझे हे भाऊबंद वाचत असतील तर मी स्वतः शापित होईन, इथवर तो गेला आहे. ख्रिस्ती जगाने मात्र त्याचे शब्द उचलले आणि त्याचे अश्रू तिथेच सोडून दिले. शतकानुशतकं हे वाक्य यहुद्यांवर फेकलं गेलं. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धान्त ज्याने नव्याने जगापुढे मांडला, त्या मार्टिन ल्यूथरने 1543 साली यहुद्यांविरुद्ध जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांची सभास्थानं जाळण्याचा सल्ला आहे. म्हणजे विश्वासाच्या सिद्धान्ताचाही भाला होऊ शकतो. बायबलचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी 1977 सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की त्या काळचा यहुदी धर्म म्हणजे पुण्याचा कोरडा हिशेब नव्हता. देवाची कृपा आणि देवाने निवडलेली प्रजा हाच त्याचाही पाया होता. तेव्हा पौलाचा प्रश्न एका समाजाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. तो प्रत्येक आवेशी माणसाला आहे, आणि ख्रिस्ती माणसाला सगळ्यांत आधी.

ल्यूथरचं तरुणपणही याच प्रश्नात गेलं. 1505 साली तो एर्फुर्टच्या मठात शिरला. आपलं एखादं पाप सांगायचं राहून गेलं असेल या धास्तीने तो तासन् तास पापकबुली देई, इतकी की त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्सही थकून जात. पुढे रोमकरांच्या पत्रात त्याला सुटका दिसली आणि 1522 साली नव्या कराराच्या जर्मन भाषांतराबरोबर त्याने या पत्राला एक प्रस्तावना लिहिली. ती प्रस्तावना 216 वर्षांनी लंडनमध्ये एका इंग्रज पाद्र्याच्या कानावर पडली. त्या पाद्र्यापाशी मला थोडं थांबायचं आहे.

जॉन वेस्ली ऑक्सफर्डला शिकला आणि तिथेच शिकवू लागला. 1729 पासून त्याच्या आणि त्याचा भाऊ चार्ल्स याच्या भोवती तरुणांचं एक मंडळ जमलं. इतर विद्यार्थी चेष्टेने त्याला ‘होली क्लब’ म्हणत. पुढे ‘मेथडिस्ट’ हे नावही असंच चेष्टेतून चिकटलं. ही मुलं बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत उपास करत, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटत, गरिबांच्या मुलांना शिकवत. वेस्ली आपल्या रोजनिशीत तासातासाची नोंद ठेवी. त्या तासात आपलं मन देवाकडे कितपत लागलं होतं, याला तो 1 ते 9 पर्यंत गुण देई. क्षणभर डोळ्यांसमोर आणा: विशीबाहेर पडलेला एक हुशार, सच्चा तरुण दर तासाच्या शेवटी लेखणी उचलतो आणि स्वतःच्या भक्तीला गुण देतो. यात ढोंगाचा लवलेश नाही, आणि म्हणूनच मला ती रोजनिशी भयंकर वाटते. परीक्षा घेणाराही तोच, देणाराही तोच, आणि पास झालो असं त्याला कधीच वाटत नाही.

1735च्या अखेरीस तो मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीकडे निघाला. 25 जानेवारी 1736 रोजी समुद्रात वादळ झालं. मुख्य शीड फाटून चिंध्या झाल्या, पाणी जहाजात शिरलं, इंग्रज प्रवासी किंकाळ्या फोडू लागले. त्याच जहाजावर मोरावियन या ख्रिस्ती पंथाची जर्मन कुटुंबं होती. त्यांची उपासना चालू होती आणि ते स्तोत्र म्हणतच राहिले. नंतर वेस्लीने त्यांच्यातल्या एकाला विचारलं, भीती नाही वाटली? नाही. आणि तुमच्या बायकामुलांना? त्यांनाही मरणाची भीती नाही, असं उत्तर आलं. वेस्लीला मात्र वाटली होती. जॉर्जियात पोहोचल्यावर श्पांगेनबर्ग या मोरावियन पुढाऱ्याने त्याला विचारलं, येशू ख्रिस्ताला ओळखता? तो जगाचा तारणारा आहे, हे वेस्लीचं उत्तर. खरं आहे, पण त्याने तुम्हाला तारलं आहे, हे ठाऊक आहे? वेस्लीने काहीतरी होकारार्थी उत्तर दिलं आणि रोजनिशीत लिहून ठेवलं, की आपले शब्द पोकळ होते अशी भीती वाटते.

जॉर्जियात त्याच्या आवेशाचा भार इतरांवर पडू लागला. जिच्याशी आपलं लग्न होईल असं त्याच्या मनात होतं, त्या तरुणीने दुसऱ्याशी लग्न केलं. काही महिन्यांनी वेस्लीने नियमावर बोट ठेवून तिला प्रभुभोजन नाकारलं. आधी सूचना दिली नाही, पश्चात्ताप प्रकट केला नाही, हे कारण. नियम पुस्तकात होता, यात शंका नाही. पण नियमाआड दुखावलेलं मन होतं, हे सगळ्या वसाहतीला दिसत होतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 1737च्या डिसेंबरात वेस्ली तिथून निघाला. स्वतःला गुण देणारा माणूस आज ना उद्या दुसऱ्यालाही गुण देऊ लागतो. आणि ते गुण देताना त्याच्या हातात धर्माचा अधिकार असेल, तर कोणीतरी जखमी होतंच.

24 मे 1738 रोजी संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका प्रार्थनासभेला तो गेला. जायची इच्छा नव्हती, असं त्याने स्वतःच लिहिलं आहे. तिथे कोणीतरी ल्यूथरची ती प्रस्तावना वाचत होतं. रात्री पावणेनऊच्या सुमारास, विश्वासाने देव अंतःकरणात जो पालट घडवतो त्याचं वर्णन चालू असताना, आपल्या अंतःकरणात ऊब पसरल्याचं त्याला जाणवलं. ख्रिस्तावर, आणि फक्त ख्रिस्तावर, आपण विसंबलो आहोत आणि आपलं, अगदी आपलं पाप त्याने दूर केलं आहे, ही खात्री त्याला त्या घटकेला मिळाली.

प्रवचनांत ही कथा बहुतेकदा इथेच संपवतात. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. 4 जानेवारी 1739 रोजी हाच वेस्ली लिहितो, की आपण ख्रिस्ती नाही. म्हणजे त्या रात्रीनंतरही शंका उरल्याच. पण त्याच वर्षीच्या एप्रिलात तो ब्रिस्टलजवळ उघड्यावर प्रवचनं करू लागला, चर्चची पायरी कधी न चढलेल्या किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांपुढे. म्हातारपणी आपली जुनी दैनंदिनी पुन्हा छापताना त्याने 1738च्या आधीच्या स्वतःविषयी लिहिलेल्या कडक वाक्यांना टिपा जोडल्या: तेव्हाही माझ्यापाशी विश्वास होता, चाकराचा होता, मुलाचा नव्हता. त्या धडपडणाऱ्या तरुणाला म्हाताऱ्या वेस्लीने फेकून दिलं नाही. देवाच्या घरात तोही होताच, असं त्याने कबूल केलं.

आता आपल्याकडे येतो. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत राहिले. पुराणं सांगायची, मिळेल त्यातून दानधर्म करायचा, व्रतं पाळायची, पुढच्या क्षेत्राकडे चालू लागायचं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांत गेली. रमाबाईंनी त्या दिवसांविषयी लिहिलं आहे, आणि त्यात आईवडिलांच्या निष्ठेबद्दल अनादराचा एक शब्द नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात एक करारी बाई चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवायला ठाम नकार देताना दिसते. आणि 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यांच्या मनाला वळण देणारं पुस्तक होतं विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं. हे हॅस्लम चर्चच्या कामात आकंठ बुडालेले, आणि 1851 साली कॉर्नवॉलमध्ये स्वतःचंच प्रवचन करताना व्यासपीठावर त्यांचं मन पालटलं. म्हणजे रमाबाईंनी धर्म बदलला तेव्हा कळकळीची दिशा बदलली. कळकळीवरचा भरवसा तसाच राहिला होता. तो आठ वर्षांनी गळून पडला.

पुण्यात हे सांगताना 1893 टाळून चालणार नाही. रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, गावात ओरड झाली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कोणाला बोलावत नाही, कोणाला हाकलतही नाही. मला त्यांच्या हातात भाला दिसत नाही. पण ज्या विधवा मुलीला दुसरं छप्परच नाही, तिच्यासाठी उघड्या दाराचा अर्थ आपल्याइतका मोकळा नसतो, ही रानड्यांची बाजूही मला खरी वाटते. विश्वास असलेल्या माणसाने दुसऱ्याचं स्वातंत्र्य जपायचं, तर त्याने स्वतःच्या प्रार्थनेकडेही असं पाहिलं पाहिजे.

विश्वासच पुरेसा असेल तर मग सत्कर्म कशाला, हा प्रश्न नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राइतका जुना आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी या वादावर संयुक्त घोषणापत्र काढून बरंचसं अंतर मिटवलं. मला उत्तर माणसांत दिसतं. वेस्ली 87 वर्षांचा होऊन, मरणाच्या काही दिवस आधी, फेब्रुवारी 1791 मध्ये ब्रिटिश संसदेतल्या विल्बरफोर्सला पत्र लिहितो की गुलामगिरीविरुद्धची लढाई सोडू नको. या कामासाठी त्याने स्वतःला किती गुण दिले असते, हे विचारायचं कारणच उरलेलं नाही. आणि रमाबाई, 1896-97च्या दुष्काळात, स्वतःच्या घरच्यांची उपासमार आठवून मध्य प्रांतात जातात आणि शेकडो मुलींना घेऊन येतात. केडगावच्या उघड्या माळावर त्यांच्यासाठी आधी तात्पुरती छपरं उभी राहिली. मग विहिरी खोदल्या गेल्या, माग आले, छापखाना आला, आणि अंध मुली ब्रेल वाचायला शिकल्या.