बुजलेला मासा आणि आपली घाई

घरात नवा फिशटँक येतो, दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे येतात, मुलं काचेसमोर फतकल मारून बसतात आणि मासे मात्र फिल्टरच्या मागे जाऊन कोपरा धरतात. खाणं टाकलं तरी वर येत नाहीत. कोणी जवळ गेलं की आणखी आत सरकतात. अशा वेळी घरात दोन निदानं ठरलेली. मासा आजारी आहे असं वाटलं, की निळ्या औषधाची बाटली येते. मासा जातीचाच भित्रा आहे असं वाटलं, की काचेवर टिचक्या मारून त्याला बाहेर काढायचा उद्योग सुरू होतो. ही दोन्ही निदानं बहुतेक वेळा चुकतात असं माझं म्हणणं आहे. नव्या पाण्यात आलेला मासा लपतो तेव्हा तो धोक्याचा अंदाज घेत असतो, आणि त्याचा अंदाज सहसा बरोबर असतो. तो बाहेर यावा असं वाटत असेल तर त्याच्या मागे न लागता टाकीत काय उणं आहे ते शोधावं.

आधी तो काय सोसून आला ते पाहू. शोभेच्या माशांच्या देशातल्या मोठ्या बाजारपेठा कोलकाता, चेन्नई आणि मुंबईत आहेत. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे आपण अभिमानाने सांगतो. माशाच्या लेखी त्याचा अर्थ असा की रेल्वेने मुंबई ८०० किलोमीटरहून लांब आणि उरलेली दोन शहरं १००० किलोमीटरहून लांब. एवढा प्रवास बंद पिशवीत होतो, तेव्हा त्या पाण्यात माशाच्या शरीरातून बाहेर पडलेला अमोनिया साचत जातो. त्याच वेळी श्वासातला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी थोडं आम्ल होतं आणि अशा पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवीचं तोंड सोडलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला तर विषारी अमोनियाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. म्हणून पिशवी उघडून मासा तासभर तसाच ठेवणं, ही सवय कितीही प्रेमापोटी असली तरी घातक आहे. बंद पिशवी वीसेक मिनिटं टाकीत तरंगू द्यावी. मग ती उघडून टाकीतलं पाणी पेला-पेला करून तीन-चारदा घालावं, मासा जाळीने अलगद उचलून सोडावा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं. अलगद म्हणायला कारण आहे. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारे आणि १९७३ साली नोबेल मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ सालीच दाखवून दिलं होतं, की मिनो जातीच्या माशाची त्वचा फाटली तर तिच्यातून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्यामुळे आसपासचे मासेही घाबरतात. टेट्रा, डॅनियो, गोल्डफिश हे त्याच मोठ्या गटातले. एकाला जाळी खरचटली तर सगळी टाकी बुजू शकते.

आता टाकीतल्या पाण्याकडे वळू. पेंच आणि कन्हानचं पाणी शुद्ध करून आपल्या नळाला येतं. त्यातलं क्लोरीन माणसाला जंतूंपासून वाचवतं, पण माशाचे कल्ले भाजतं. म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब घातल्याशिवाय नळाचं पाणी टाकीत जाऊ नये. पण पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे राहण्याजोगं झालं असं नव्हे. माशाच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढावे लागतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. सकाळी टँक आणि संध्याकाळी मासे, असं केलं की मासा या जिवाणूंच्या आधीच येऊन पोहोचतो. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मुरतो, ३५ अंशांना तो ७ च्या आसपास येतो; उलट गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि अमोनियाही जास्त विषारी होतो. अशा पाण्यात मासा कोपऱ्यात मलूल पडला किंवा पृष्ठभागाशी तोंड वासून राहिला, तर त्याच्या स्वभावाला बोल लावण्यात अर्थ नाही.

पाणी जमलं की मग आडोसा. इथे एक आक्षेप हमखास येतो: लपायला जागा दिली तर मासा कायमचाच लपेल, मग टँक घेतला कशाला? निरीक्षण याच्या उलट सांगतं. ज्याला पळून जायची जागा जवळ आहे, तो मासा तिच्यापासून लांब जायची हिंमत करतो. उघड्या टाकीत त्याला कोपरा सोडणं परवडत नाही. मातीचं बोळकं आडवं ठेवावं, उकळून घेतलेली नारळाची करवंटी पालथी घालून तिला दार पाडावं, मागच्या बाजूला वनस्पती दाट लावाव्यात आणि पुढची जागा मोकळी ठेवावी. टाकीची मागची काच गडद कागदाने झाकली तरी फरक पडतो. सोबतीचंही तसंच. प्राणिवर्तनाचे अमेरिकी अभ्यासक जॉर्ज बार्लो यांनी १९६८ साली एका शोधनिबंधात मांडलं, की बुजऱ्या माशांच्या टाकीत वरच्या पाण्यात निर्धास्त पोहणारे छोटे मासे सोडले, की बुजऱ्यांची भीती कमी होते. वर कोणी आरामात फिरतंय, म्हणजे धोका नाही, असं त्यांना उमगतं. गंगेच्या खोऱ्यातला आपला झेब्रा डॅनियो या कामाला उत्तम. टेट्रासारखे थव्याने राहणारे मासे दोन-तीन आणणं म्हणजे त्यांना भीतीतच ठेवणं. निदान सहा तरी असावेत.

दुसरा आक्षेप सवयीचा. माणसं येणार-जाणार, टीव्ही चालणार, मासा आपोआप सरावेल, असं म्हणतात. सराव होतो, हे खरं. मासे शिकतात, खाण्याची वेळ ओळखतात आणि शिकलेलं कित्येक आठवडे लक्षात ठेवतात. पण म्हणूनच पहिल्या आठवड्यात तो काय शिकतो याला महत्त्व आहे. काचेवर टिचकी बसली की हादरा थेट पाण्यात उतरतो आणि अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदक रेषेने मासा तो टिपतो. माणूस जवळ आला की दणका बसतो, एवढंच तो त्यातून शिकेल. त्याऐवजी पहिल्या दिवशी दिवा बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवसापासून ठरल्या वेळी चिमूटभर खाणं टाकून बाजूला व्हावं. माशाला पापण्या नसतात, तेव्हा अंधाऱ्या खोलीत एकदम टँकचा दिवा लावू नये. आधी खोलीतला लावावा.

तिसरा आक्षेप रास्त आहे: मासा खरोखरच आजारी असला तर? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, मिटलेले पर, दगडाला अंग घासणं, ही दुखण्याची लक्षणं आहेत आणि त्यांवर उपचार करायलाच हवेत. पण नुसतं लपणं हे त्यांतलं लक्षण नाही. कृष्णेच्या खोऱ्यातला पट्टेरी बोटिया किंवा सकर यांसारखे मासे तर दिवसा आडोशालाच राहायचे. लक्षण नसताना औषध टाकलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात आणि भीतीचं मूळ कारण आणखी घट्ट होतं.

म्हणून नागपूरकरांनी मुहूर्त बदलावा असं मला वाटतं. फिशटँकचा हट्ट परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये होतो आणि माशासाठी तोच काळ सर्वांत वाईट. पावसाळा सरला की टाकी मांडावी. महिना-दीड महिना फिल्टर चालू ठेवून जिवाणूंना रोज किंचित खाद्य टाकावं आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याचं चाचणीत दिसल्यावरच मासे आणावेत. थंडीत रात्रीचा पारा उतरेल, तेवढा हीटर लावावा. मुलांना थांबणं जड जाईल. पण त्या महिन्यात पाणी तपासायला, वनस्पती लावायला, करवंटीला दार पाडायला तीच मुलं हाताशी असतील आणि मासे येतील तेव्हा ते का लपले हे त्यांना कोणी सांगावं लागणार नाही.