आखाडा आणि आखाजी
(वसंत व्याख्यानमालेत जळगाव येथे दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि ऋतू विश्रांतीचा असला तरी श्रवणाची व चिंतनाची हजेरी चुकवू नये, असा एक सुंदर संकेत महाराष्ट्रात रूढ झाला. त्याच संकेताला अनुसरून आज मी विद्यार्थ्याच्या सुट्टीविषयी, आणि त्या सुट्टीत त्याने क्रीडावीरांचा व नृत्याचा परिचय कसा करून घ्यावा याविषयी बोलणार आहे. परीक्षा आटोपून दप्तर खुंटीला लागले की सुट्टीची तजवीज कशी लावावी हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो, आणि बहुधा पुढल्या इयत्तेचे पुस्तक आधीच हाती देऊन तो निकालात काढला जातो; खेळ आणि नाच हे मात्र अभ्यास संपल्यानंतर उरलेल्या वेळाचे धनी समजले जातात. ही समजूत मला सर्वथा चुकीची वाटते. कुस्ती काय आणि नृत्य काय, दोन्ही मुळात देहाने आचरावयाची व्रते आहेत, आणि त्या व्रताची जी ओळख शाळेच्या वेळापत्रकाला करून देता येत नाही ती सुट्टीला देता येते, हेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम क्रीडावीरांचा विचार करू. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल, आणि बालपणाची सारी मेहनत तांबड्या मातीतली. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा मातीऐवजी मॅटवर, आणि सर्वस्वी अपरिचित नियमांनी झुंजण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, तरीही आपल्या वजनी गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. आणि जे आपल्याला येत नव्हते ते नेमके ओळखून पुढील चार वर्षे त्यांनी त्याच उणिवेच्या परिहारार्थ खर्ची घातली. हेलसिंकीच्या प्रवासाला पुरेशी रक्कम सरकारदरबारातून मिळेना, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. कराडहून त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांनी निघाली. परंतु त्या मिरवणुकीहून मला त्यापुढील गोष्ट थोर वाटते. परत आल्यावर या मल्लाने कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढला, आणि आलेल्या पैशातून आपल्या गुरूचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. पदकाची हकीकत मुलांना सर्वत्र ऐकू येते. हा कर्जफेडीचा हिशेब मात्र त्यांना आवर्जून सांगावा लागतो, आणि क्रीडावीराची खरी ओळख या हिशेबातच आहे.

कोणी म्हणेल की कराड आणि कोल्हापूर हा मल्लविद्येचा मुलूख आहे, तेथील उदाहरण खान्देशातील मुलांना दूरचे वाटेल. तसे वाटण्याचे कारण नाही. आपल्या चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली, आणि पुढे पोलीस खात्यात उपअधीक्षक या हुद्द्यावर त्यांची नेमणूक झाली. कापसाच्या आणि केळीच्या शेतांतून वाढलेल्या मुलाला जी गदा पश्चिम महाराष्ट्राची मिरासदारी वाटत होती, ती गिरणेच्या खोऱ्यातील एका खेड्यातही येऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केले. शेजारच्या वऱ्हाडात पाहावे, तर अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली आपले पथक बर्लिनच्या ऑलिंपिकला नेऊन कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळाचे दर्शन जगाला घडविले. म्हणजे जो खेळ हुतूतू या नावाने आपली मुले नदीच्या वाळूत खेळत होती, तो त्या काळी युरोपातील एका राजधानीत मांडण्याइतका आत्मविश्वास आपल्या आजोबांच्या पिढीजवळ होता.

आता नृत्याकडे वळतो. आणि येथे तर खान्देशाला कोणाकडे उसनवारी करण्याचे मुळीच कारण नाही. वैशाखात, ऐन सुट्टीत, आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस यांचा दरवळ गल्लोगल्ली पसरतो, निंबाला झोके बांधले जातात, आणि गौराईच्या निमित्ताने मुली-बाळी, लेकी-सुना अहिराणी गाण्यांच्या ठेक्यावर फुगडी घालतात व टिपऱ्या खेळतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा उदरनिर्वाहासाठी सुरतेस, नाशकास, पुण्यास गेलेली माणसे रोटाच्या प्रसादासाठी घरी परततात, आणि दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांची पावले एका तालावर पडतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाईची गाणी घरोघर चालतात, आणि शेवटी खाऊ ओळखण्याच्या चढाओढीने त्यांची सांगता होते. शिक्षक, शुल्क आणि प्रवेशपत्र यांवाचून चालणारी, पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहिलेली ही नृत्यशाळा आहे. तिचे दार आपल्या अंगणातच उघडते.

या नृत्यातील साधना किती कठोर असू शकते, हे पाहावयाचे असेल तर सातपुड्याकडे जावे. होळीच्या आधीच्या आठवड्यात चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात भोंगऱ्याचे हाट भरतात. पावरा व भिल्ल तरुण कमरेला घुंगरू बांधून आणि तरुणी चांदीचे दागिने लेवून ढोल-बासरीच्या नादावर नाचतात. नंदुरबार जिल्ह्यातील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्धच आहे. तेथे मोरपिसांचे टोप चढवून रात्रभर नाचणारे नवसकरी बुध्या आणि बावा त्या रात्रीपूर्वी कित्येक दिवस व्रतस्थ राहतात. जमिनीवर निजतात, ब्रह्मचर्य पाळतात, आहारविहाराचे निर्बंध सांभाळतात. तालमीतल्या पहिलवानाला त्याचा वस्ताद जे दंडक घालून देतो, तेच हे दंडक. मल्लाचा लंगोट आणि नर्तकाचे घुंगरू यांच्यामध्ये आपण जी भिंत कल्पिली आहे, ती सातपुड्यातील आमच्या बांधवांना ठाऊक नाही. आणि खेळ मुलांचा, नाच मुलींचा, हा भेदही त्यांच्या पुरुषांच्या पायांतील तालापुढे टिकत नाही. उलट बाजूने पाहिले तर फुगडी घालणाऱ्या मुलीचा श्वास, तोल आणि पायांतील बळ यांची कसोटी कोणत्याही मैदानी खेळाहून कमी लागत नाही.

नृत्याविषयी दुसरा एक पूर्वग्रह आपल्या पांढरपेशा घरांत दीर्घकाळ नांदला, तो म्हणजे ते कुलीनांचे काम नव्हे हा. अशा काळात रोहिणी भाटे यांनी लखनौ व जयपूर या दोन्ही परंपरांच्या गुरूंकडून कथक आत्मसात केले, १९४७ साली पुण्यास नृत्यभारतीची स्थापना केली, आणि मराठी घरांतील मुलींसाठी एक राजमार्ग खुला करून दिला. दुसरीकडे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी तमाशाच्या बोर्डावर आयुष्य वेचले. खेळ चालू असता प्रसूत होऊन पुन्हा प्रेक्षकांपुढे उभी राहणारी ही कलावती राष्ट्रपतींच्या सन्मानास पात्र ठरली, तरी तिचा अखेरचा काळ विपन्नावस्थेत गेला आणि २००२ साली ती निवर्तली. खाशाबांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ सालच्या त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. टाळ्या वाजविणारा समाज किती लवकर विसरतो, हाही धडा मुलांनी सुट्टीत शिकावा. कारण ज्याला हा धडा समजला, तो उद्या आपल्या गावातील वृद्ध पहिलवानाची आणि ढोलक्याची विचारपूस केल्यावाचून राहणार नाही.

मग हे शिकावे कसे? चित्रफिती पाहून माहिती मिळते, व्रत मिळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात उन्हाचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून दुपार वाचनाला द्यावी. पहाट मात्र तालमीला किंवा मैदानाला, आणि संध्याकाळ अंगणाला. वस्तादाजवळ बसून त्याची पहिली कुस्ती, त्याचा खुराक, त्याचा पराभव विचारून घ्यावा, आणि विचारण्यापूर्वी स्वतः जोर-बैठका काढाव्यात; आजीकडून गौराईचे एक गाणे शब्द, चाल आणि पाऊल यांसह शिकावे, आणि ते तिच्यासमोर करून दाखवावे. जे ऐकले व केले ते त्याच दिवशी रोजनिशीत उतरवावे. हे काम क्षुल्लक नव्हे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढले; वर्गाबाहेरच्या तासांतही मुलाचे मन घडते, ही त्यांची श्रद्धा त्या हस्तलिखितामागे होती. त्याच अमळनेरच्या, त्याच खान्देशाच्या मुलांनी आपल्या गावच्या मल्लांची आणि नाचांची दप्तरे सिद्ध केली, तर जे संशोधक आज येथे येऊन शोधीत फिरतात, त्यांना उद्या खात्रीचा दाखला मिळेल.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक पटकाविले, तेव्हा खाशाबांच्या विजयाला ७२ वर्षे लोटली होती. महाराष्ट्राच्या या दोन वैयक्तिक ऑलिंपिक पदकांच्या मध्ये इतका दीर्घ कालखंड जावा, याचा दोष केवळ सरकारावर ढकलता येणार नाही; ज्या घरांनी सुट्टीतील मैदान आणि अंगण मुलांकडून काढून घेतले, त्या घरांचाही त्यात वाटा आहे. म्हणून येथे जमलेल्या पालकांना माझी विनंती आहे की, या सुट्टीत मुलाला व मुलीला एकेका वस्तादाच्या पायाशी आणि एकेका आजीच्या हाताशी सोपवा. शाळाचालकांना विनंती आहे की, जून महिन्यात पहिल्या दिवशी त्या रोजनिशा मागून घ्या, वाचा आणि ग्रंथालयात जतन करा. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगणे आहे की, कौतुक करून थांबू नका, उद्या पहाटे उठून मैदानावर जा.