शेजारच्या टाळ्या



२९ जून २०२४ ची रात्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. बार्बाडोसला टी-ट्वेन्टी विश्वचषकाची अंतिम लढत चालली होती. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या, सहा गडी हातात होते, क्लासेन सुटला होता. आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या टीव्हीचा पडदा काळा झाला.

माझे सासरे, आप्पा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेलं. "सूनबाई, दिवे गेले का?" त्यांनी विचारलं. दिवे होते. इंटरनेटही चालू होतं. गेला होता तो मी मार्चमध्ये घेतलेला डबा. ओळखीतून आलेल्या एका माणसानं तो दिला होता. जगातली सगळी खेळांची चॅनेलं, वर्षाला फक्त बाराशे रुपये! घरचा हिशेब मी ठेवते, त्यामुळे केबल काढून हा डबा घेताना मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. त्या रात्री त्या माणसाला सहा वेळा फोन लावला. बंद. पुढे सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, भारत सात धावांनी जिंकला. हे आम्हाला कळलं भिंतीपलीकडच्या आरडाओरड्यावरून.

आप्पा चिडले नाहीत. झोपायला जाताना एवढंच म्हणाले, "बाराशे रुपये देऊन आपण शेजारच्यांच्या टाळ्या ऐकल्या."

दुसऱ्या दिवशी खरी फजिती कळली. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "काकू, मॅच मोबाइलवर फुकट होती की हॉटस्टारला!" आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी तर ती डीडी स्पोर्ट्सवर पाहिली होती, पत्र्यावरच्या फ्री डिशच्या छत्रीवर. छत्री आणि डबा एकदाच घ्यायचा, महिन्याला दमडी नाही. म्हणजे पैसे मोजून न पाहिलेली मी एकटीच.

मग मी जरा वाचायला लागले. २००७ च्या जानेवारीत नागपूरला भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना झाला होता. सौरव गांगुली संघात परतला होता, त्यानं ९८ धावा काढल्या. केबल नसलेल्या घरांना मात्र तो सामना दिसलाच नाही, कारण हक्क खासगी वाहिनीकडे आणि तिचं दूरदर्शनशी जमेना. दिल्ली उच्च न्यायालयानं तोडगा काढला, की दूरदर्शननं पुढचे सामने सात मिनिटं उशिरानं दाखवावेत. फेब्रुवारीत वटहुकूम आला, नंतर कायदा. राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने ज्याच्याकडे असतील, त्यानं त्यांचं चित्र प्रसार भारतीला दिलंच पाहिजे. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपकांवर आणि फ्री डिशवरच दिसेल, केबलवाल्यांकडून नाही. म्हणून केबलचे पैसे भरणाऱ्याला डीडी स्पोर्ट्सवर सामन्याऐवजी कोरी पाटी दिसते आणि छत्रीवाल्याला सामना. आयपीएल या कायद्यात बसत नाही, हेही मला तेव्हाच समजलं.

आयपीएलचा हिशेब वेगळाच आहे. २०२२ च्या लिलावात २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, आणि भारतातल्या मोबाइल-इंटरनेटच्या हक्कांची बोली टीव्हीच्या बोलीपेक्षा थोडी वरच राहिली. २०२३ चा हंगाम जिओसिनेमानं फुकट दाखवला, तोही मराठी समालोचनासह. (केदार जाधव तिथं समालोचन करता करता मधेच बंगळूरच्या संघातून खेळायला गेला, ही गंमत आप्पांना फार आवडते.) पण एवढे कोटी मोजणारा कायम फुकट कसा देईल? फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं, तेव्हा फक्त मोबाइलवर पाहायला तीन महिन्यांचे १४९ रुपये आणि टीव्हीवरही चालणारी वर्गणी तीन महिन्यांची २९९, असे दर होते. मोबाइलची वर्गणी टीव्हीवर चालत नाही, हे भरण्याआधी वाचावं. मी नंतर वाचलं.

आता आमच्या घरी वर्षाची वर्गणी कशाचीच नाही. स्पर्धा जाहीर झाली की आधी पाहायचं, ही कुणाकडे आहे. २०२५ ची आयपीएल एका ॲपवर, तर त्याच वर्षीचा आशिया चषक दुसऱ्या, सोनी लिव्हवर. जेवढे आठवडे स्पर्धा, तेवढ्यापुरतेच पैसे भरायचे आणि आपोआप नूतनीकरणाची परवानगी त्याच दिवशी काढून टाकायची, नाहीतर स्पर्धा संपून गेल्यावरही खात्यातून पैसे जात राहतात. डेटाचाही हिशेब धरावा लागतो. मोठ्या पडद्यावर एचडी चित्र घेतलं तर तासाला दोन-तीन जीबी सहज उडतात. रोजचा दीड जीबीचा पॅक पहिला डाव संपेपर्यंतही पुरत नाही. घरात वायफाय नसेल तर चित्राचा दर्जा हातानं खाली आणावा, चेंडू तरीही दिसतो.

आणि तो डबा? त्यात दिसत होतं ते चोरलेलं चित्र. मोठ्या स्पर्धांच्या आधी हक्कदार न्यायालयातून आदेश आणतात आणि सामना चालू असतानाच असे चोरटे पत्ते बंद पाडले जातात. अंतिम सामना म्हणजे त्यांच्यावर सगळ्यात कडक नजर असलेली रात्र. माझा डबा त्याच रात्री जावा, यात मला आता नवल वाटत नाही. बाराशे रुपये अर्थातच परत आले नाहीत. पावतीही नव्हती, मागणार कुणाकडे?

एक गोष्ट मात्र पैसे भरूनही सुटत नाही. इंटरनेटवर चित्र सरळ येत नाही. त्याचे काही-काही सेकंदांचे तुकडे करतात, ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात आणि आपलं यंत्र दोन-चार तुकडे हाताशी साठवून मग दाखवायला लागतं. त्यामुळे आपण मैदानाच्या वीस-तीस, कधी चाळीस सेकंद मागे असतो. शेजारी छत्रीवर पाहतात, ते आमच्या पुढे. गोलंदाज अजून धावत निघालेला असतो आणि भिंतीपलीकडून "आउट!" ऐकू येतं.

आप्पांनी यावर स्वतःच उपाय सांगितला. आता सामना असला की मी आधी त्या बाजूची खिडकी लावून घेते.