डोंगर चढायचा, पण डबा कुणी उचलायचा?

(नारायणगड, जि. बीड येथे परिसरातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे सावलीला बसलेल्या भावांनो,

आपल्यातल्या बारा जणी, त्यांची सात मुलं आणि चार पुरुष असे आम्ही तेवीस जण मागच्या उन्हाळ्यात गंगोत्रीहून गोमुखापर्यंत चालत गेलो. त्याबद्दल सांग, असं मला गटांनी सांगितलं आहे. फोटो तुम्ही पाहिलेत. फोटोत सगळ्या हसताना दिसतात. जे फोटोत आलं नाही, ते मी सांगणार आहे.

आधी एक प्रश्न. बाई चालत नाही असं कुणी म्हणेल का? आपल्या जिल्ह्यातली बाई पाण्यासाठी चालते, सरपणासाठी चालते, कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते आणि तिथं डोक्यावर उसाची मोळी घेऊन चालते. आषाढीला पंढरपूरला चालते. ज्यांना पंढरपूर जमत नाही त्या या गडावर येतात, म्हणून तर नगद नारायण महाराजांच्या या जागेला धाकटी पंढरी म्हणतात. म्हणजे चालण्याची आपल्याला सवय आहे. पण यातलं कुठलं चालणं फक्त स्वतःला बरं वाटावं म्हणून असतं?

आम्ही तीन महिने दर रविवारी पहाटे हा गड चढायचा सराव केला, तेव्हा वाटेत हटकून कुणीतरी विचारायचं, "कशाला जायलाव गं बायांनो इतक्या सकाळी? नवस हाय का?" पहिल्या रविवारी आम्ही खरं उत्तर दिलं, की सराव करतोय, हिमालयात जायचंय. त्यावर लोक हसले. दुसऱ्या रविवारी आमच्यातली एक म्हणाली, "हो, नवस आहे." मग कुणी काही विचारलं नाही, उलट एकाने शेंगा दिल्या. देवाचं नाव घेतलं की बाईला वाट मोकळी होते. ती सोय आहे हे मी मान्य करते, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला, वारीत चार दिवस सासरपासून सुटका करून घेतली. पण परवानगी देवाच्या नावावरच मिळते, हे लक्षात ठेवू या.

चळवळीतल्या काही मैत्रिणींनीही नाक मुरडलं. घरात प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला हिमालय सुचतो का, असं त्या म्हणाल्या. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तिथे आम्हाला गरजांची उतरंड शिकवत. आधी अन्न, मग निवारा, आणि विरंगुळा सगळ्यात वर, शेवटी. पुरुषांच्या बाबतीत ही उतरंड कुणी पाळत नाही. हातात पैसा नसतानाही पारावरची बैठक, पत्ते, जत्रेतली कुस्ती चालूच असते. मग उतरंडीचा हिशेब बायकांपुरताच का मांडायचा? वर्षभर गटात थोडे थोडे पैसे टाकून आम्ही ही वाट धरली. कोयत्याला जाणाऱ्या दोघी आमच्यात होत्या. बाकी अंगणवाडीताई, आशा, शिवणकाम करणाऱ्या, शेतकरी घरातल्या. मे महिन्यात पाण्याची ओढाताण असताना आम्ही गेलो आणि पंधरा दिवस घरच्यांनी टँकरपुढे रांग लावली. कुणी तहानेनं मेलं नाही.

आता डोंगराबद्दल. आपल्या बालाघाटात हिमनदी नाही. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. गंगोत्री हे गावच ३,१०० मीटरच्या आसपास आहे आणि गोमुख जवळजवळ ४,००० मीटर. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू सपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास असतो. वाट गंगोत्रीपासून अठरा किलोमीटरची. नऊवर चीरबासा, चौदावर भोजबासा, त्यापुढे चार किलोमीटर गोमुख. वाट अवघड नाही, दोर-खिळे लागत नाहीत, म्हणून लोक लहान मुलांना घेऊन सहज निघतात. पण हवा विरळ आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून आम्ही सगळ्यात आधी, तिकिटं काढण्याच्याही आधी, हिमोग्लोबिन तपासलं. बाईचं ते बारा असावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. आमच्यातही बाराच्या वर मोजक्याच होत्या. मुळात प्राणवायू वाहून नेणारं रक्तच कमी, त्यात हवेत प्राणवायू कमी, मग ती बाई चढणार कशी? घरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांड्यात उरलेलं खाणारी बाई तिथे चौथ्या वळणावर खाली बसते आणि लोक म्हणतात, हिला सवय नाही. चार महिने लोहाच्या गोळ्या, हिरवी भाजी, शेंगदाणे-गूळ आणि मुख्य म्हणजे घरच्यांबरोबर एका वेळी जेवायला बसणं, एवढं केलं. जिचं तरीही वाढलं नाही ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबली, आणि तिच्या जागी तिची जाऊ आली.

दोघींची गर्भाशयं तिशीतच काढलेली होती. यात आपल्याला नवल वाटत नाही, हेच वाईट आहे. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मुकादमाचा खाडा चुकावा म्हणून, पाळीची कटकट नको म्हणून, डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली म्हणून. या दोघींना कंबरेची भीती होती. त्यांनी सरावातला एकही रविवार चुकवला नाही आणि दोघीही गोमुखापर्यंत पोचल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "हे अंग इतकी वरसं मुकादमाचं होतं, डाक्तरचं होतं." पुढे काही बोलली नाही.

पाणी आणि आडोसा, याबद्दल स्पष्टच बोलते. भावांनी ऐकलं तरी हरकत नाही. संडासाची सोय नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही. फडात, वारीत, एस.टी.त, सगळीकडे हेच. उंचावर हे महागात पडतं. कोरड्या थंड हवेत शरीरातलं पाणी नुसत्या श्वासावाटे जातं. डोकं दुखतं, मळमळतं, मग ते पाणी कमी प्यायल्यामुळे की उंचीमुळे, तेही कळत नाही. आम्ही दोन जुनी नऊवारी लुगडी नेली होती. चौघींनी धरायची, पाचवीने बसायचं. तासातासाला थांबायचं आणि सगळ्यांनी पाणी प्यायचं. पुरुषांनी तेवढा वेळ पाठ करून उभं राहायचं, ही सूचना त्यांना पहिल्या दिवशी अवघड गेली. नंतर तेच विचारू लागले, "लुगड्याची वेळ झाली का?"

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. सणावाराला, यात्रेला आपण त्या दुकानातून सरळ आणतो. त्यांनी काही जणींच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. तिघींना वाटेत पाळी आली. देवळात जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवलं, डोंगराने काही विचारलं नाही. वापरलेलं सगळं पिशवीत बांधून परत खाली आणलं, कारण तिथल्या थंडीत काही कुजत नाही.

आता मुख्य गोष्ट. कुटुंबाची सहल म्हणतात तेव्हा ती कुणाची असते? बाप कॅमेरा घेऊन पुढे, मुलं मध्ये, आणि आई डबा, पाणी, स्वेटरं, औषधं घेऊन मागे. आम्ही नियम केला, आपापलं पाणी आणि आपापले कपडे आपल्या पाठीवर. आठ वर्षांच्या मुलानेही छोटी पिशवी घ्यायची. सगळ्यात हळू चालणारं माणूस सगळ्यात पुढे. आमच्यात ते एक सासूबाई होत्या, वय एकसष्ट, पंढरीची वाट पायाखालची. त्यांच्या मागे सगळे. कुणाला दम लागला नाही, आणि आधी "बायकांच्या चालीनं कसं व्हायचं" म्हणणाऱ्या एका भावाला परत येताना त्यांचीच काठी मागावी लागली.

दुसरा नियम असा की प्रत्येक मुलाचं एक "पहिलं माणूस" असेल. मूल आजारी पडलं तर त्याला घेऊन खाली उतरायचं ते त्या माणसाने. आणि ते पहिलं माणूस त्या मुलाची आई नसेल. बाप असेल, आत्या असेल, मैत्रीण असेल. हे इथेच, या गडावर, सगळ्यांसमोर ठरलं. यावर जितका वाद झाला तितका पैशांवरूनही झाला नव्हता. विशेष म्हणजे विरोध आयांचाच जास्त होता.

आणि वेळ आली. आम्ही घाई केली नव्हती. हर्सिलला एक रात्र, गंगोत्रीला दोन रात्री, मग चीरबासाला तंबूत मुक्काम. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच न्यायची नाही, असं डॉक्टर सांगतात. तरी चीरबासाला नऊ वर्षांची एक मुलगी किरकिरी झाली, जेवेना, रात्री झोपली नाही, सकाळी उलटी केली. लहान मुलं "डोकं दुखतं" असं सांगत नाहीत, हट्ट करतात. वडील आधी म्हणाले, नखरे करते. पण उंचीच्या त्रासावर खाली उतरणं हाच खरा उपाय, आणि थांबून वाट बघायची नसते. पहिलं माणूस तेच होते. ते वाटाड्याबरोबर मुलीला घेऊन गंगोत्रीला उतरले. दुपारपर्यंत तिने खायला मागितल्याचा निरोप आला.

आई पुढे आली. भोजबासापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. भोजबासाला भूर्जाची झाडं पूर्वी खूप होती, सरपणासाठी तुटत गेली. तिथे ती पुन्हा लावण्याचं काम हर्षवंती बिष्ट यांनी केलं. १९८१ साली नंदादेवी चढलेल्या तीन भारतीय बायकांपैकी त्या एक, आणि २०२१ साली भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आम्ही ही माहिती देत होतो तेव्हाही तिचं लक्ष खालच्या वाटेकडे होतं. दुसऱ्या दिवशी गोमुख. आमच्यातल्या अनेकींना हिमनदी म्हणजे पांढरीशुभ्र काहीतरी वाटत होती. प्रत्यक्षात ती दगडमातीने माखलेली, राखाडी, मधूनच निळसर तोंड उघडलेली भिंत आहे, आणि तिच्या खालून भागीरथी गढूळ रंगाची बाहेर पडते. बर्फाचे ढलपे कोसळतात, म्हणून लांबूनच बघायचं. दगड आहेत तिथपर्यंत एके काळी बर्फ होता. हिमनदी मागे हटते आहे. ती आई एका धोंड्यावर अर्धा तास बसली. मग मला म्हणाली, "ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न वाढता बसले."

गावात परतल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. "पोरगी आजारी आन् ही पुढं गेली? कसली माय म्हणायची!" महिनाभर हेच. नळावर, दळणाला, लग्नात. बापाला कुणी विचारलं नाही की तुझं गोमुख राहिलं त्याचं काय. उलट त्याचं कौतुक झालं, पोरीला सांभाळून आणलं म्हणून. जे काम आई रोज करते ते त्याने एक दिवस केलं. जुन्को ताबेई ही जपानी बाई १९७५ साली एव्हरेस्टवर पोचली, जगातली पहिली स्त्री. तेव्हा तिची मुलगी लहान होती, आणि मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर त्या बायकांना घरी बसून मुलं वाढवा असं सांगितलं गेलं. मुलं असणाऱ्या पुरुष गिर्यारोहकांना हे कुणी सांगितल्याचं मी वाचलेलं नाही. आपल्या मैत्रिणीने मात्र सासूच्या भावकीत चांगलं उत्तर दिलं. म्हणाली, "मी माघारी आले असते तर तिला दोघांची मिळून उलटी थांबली असती का?" आणि मुलीला विचारा, ती सांगते, बाबांनी मला तीनदा मॅगी दिली.

ज्यांना पुढच्या वर्षी यायचंय त्यांच्यासाठी थोडं. मे-जून नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, हाच काळ धरा. पावसाळ्यात नको. ५ ऑगस्ट २०२५ ला हर्सिल-गंगोत्रीच्या मधल्या धराली गावावर खीरगंगेचा लोंढा आला, माणसं गेली, महाराष्ट्रातले यात्रेकरूही अडकले. गोमुखाकडे दिवसाला ठरावीक संख्येनेच, दीडशे माणसांनाच, वनखात्याची परवानगी मिळते, तेव्हा ती आधी काढावी लागते. गरोदर बाईने, दमा किंवा हृदयाचा त्रास असणारीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. आणि ज्यांना हिमालय परवडत नाही किंवा नको आहे, त्यांनी सौताड्याला या, या गडावर या. नियम तेच राहतील, पाठीवरचं आपापलं आणि मुलाचं पहिलं माणूस आई नाही.

एकोणीस नावं आली आहेत. त्यातल्या दोघींचे मालक म्हणतात, आम्हीही येतो, पण आम्हाला भाकरी थापता येत नाही. येत्या रविवारी सकाळी सहाला त्यांनी पीठ आणि तवा घेऊन पायथ्याशी यावं. हिमोग्लोबिनची तपासणी त्याच दिवशी चढायच्या आधी होईल, उपाशीपोटी यायची गरज नाही.