पाठीवरचं ओझं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "तू नाटकवाला, नाटकाबद्दल काहीही बोल." म्हणून इटलीतल्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकाबद्दल बोलतो. घाबरू नका, शेवटी आपल्या शाळेतच येणार आहे.

त्या नाटकाचं नाव कोमेदिया देल्लार्ते. १५४५ साली पादोवा शहरात काही नटांनी रीतसर करार करून मंडळी काढली. अशा मंडळ्यांकडे पाठ केलेली संहिता नसायची. कथानकाचा आराखडा ठरलेला, बाकी उत्स्फूर्त. गावोगावची बोली वेगळी. पुढे तर या मंडळ्या फ्रान्सपर्यंत गेल्या. शब्द कळला नाही तरी शरीर कळायला हवं. त्यासाठी हुकमी हशाचे छोटे प्रसंग असत, त्यांना 'लाझ्झी' म्हणतात.

त्यातला माशीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. भुकेला नोकर हवेतली माशी पकडतो, पंख उपटतो आणि कोंबडीची तंगडी असावी तशी चवीनं खातो. माशी नसतेच! चामड्याच्या मुखवट्यानं अर्धा चेहरा झाकलेला, त्यामुळे भुवया उडवून भागत नाही. मुखवट्याचं नाक वळेल तिकडे प्रेक्षक बघतो. म्हणून माशी दाखवायची ती मानेनं, बोटांनी आणि योग्य क्षणी थांबून.

हा नोकर म्हणजे झान्नी. बेर्गामोच्या डोंगराळ भागातून व्हेनिसला पोट भरायला येणाऱ्या हमालांवर बेतलेला. गुडघे वाकलेले, पाठीला बाक.

मी तो मुखवटा पहिल्यांदा घातला आणि नुसताच वाकून चाललो. कुणी हसलं नाही. शिकवणाऱ्यांनी विचारलं, "पाठीवर काय आहे?" मला उत्तर देता येईना.

तेव्हा आपलं नववीचं गॅदरिंग आठवलं. मी शिपाईमामांच्या चालीची नक्कल केली होती. तुम्ही शिट्ट्या वाजवल्या होत्या. मामा विंगेत पडद्याची दोरी धरून उभे होते. पिण्याच्या पाण्याच्या कळशा खांद्यावरून दुसऱ्या मजल्यावर तेच न्यायचे. मी त्यांची चाल उचलली, कळशी नाही उचलली.

दुसऱ्या दिवशी ती कळशी मनात धरून चाललो. तेव्हा लोक हसले.

मामा आता नाहीत. त्यांची माफी मागायची राहिली, ती आज तुमच्यासमोर मागतो. सरांना एकच विनंती: गॅदरिंगला मुलांना नकला जरूर करू द्या. फक्त आधी एकदा कळशी वर न्यायला लावा.