वाटाड्या आणि परवाना



डोंगरवाल्यांच्या मेळाव्यात अध्यक्षाने धुकं, रानफुलं आणि शिवकाल यांवर बोलावं अशी रीत आहे. मला ते नीट जमत नाही. मी कवी नव्हे, तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस आहे. आठवड्याचे सहा दिवस पाइप, पंप आणि गॅस्केट, आणि रविवारी आशेरी, काळदुर्ग, तांदुळवाडी, कोहोज, गंभीरगड हे आसपासचे गड. म्हणून आज बोलायला मी एक रुक्ष विषय घेतला आहे : परवाना. डोंगरावर जायला परवानगी लागावी का, बरोबर गाइड सक्तीचा असावा का, आणि असावा तर त्याचा कागद कोणी द्यावा?

या विषयावर आपल्यात दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, डोंगर काय कोणाच्या बापाचा आहे? दुसरा तट दर जुलैत, एखाद्या अपघाताची बातमी आली की जागा होतो आणि म्हणतो, बंद करून टाका सगळं. मी अनेक वर्षं पहिल्या तटात होतो. आज दोन्हींत नाही. का, ते सांगतो.

परवाना म्हणजे काय हे निदान तारापूर-बोईसरच्या कारखान्यातल्या माणसाला कोणी शिकवू नये. आमच्याकडे साधं वेल्डिंग करायचं तरी हॉट वर्क परमिट लागतं. उंचीवर चढायचं तर वेगळं, आणि रिॲक्टरच्या किंवा टाकीच्या पोटात माणूस उतरवायचा तर सगळ्यांत कडक. या शेवटच्या परमिटची रीत बघा. ज्याची सही लागते त्याने टाकीपाशी यायचं. आतला ऑक्सिजन मोजायचा. कागद त्या शिफ्टपुरताच चालतो, उद्याला नवा. मॅनहोलच्या बाहेर एक माणूस उभा राहतो. त्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, आतल्याला हाका मारत राहायचं, एवढंच त्याचं काम. आणि काम संपलं, सगळे बाहेर आले, मोजून झाले, की परमिट क्लोज करायचं. क्लोज न झालेलं परमिट म्हणजे आत कोणीतरी राहिलंय असं समजायचं.

हे झालं पुस्तकात. एका कारखान्यात मी असंही पाहिलं आहे, की सकाळी चहाबरोबर पंधरा परमिटांचा गठ्ठा केबिनमध्ये जायचा आणि सह्या होऊन परत यायचा. सही करणाऱ्याने टाकी पाहिलेली नाही, टाकीत उतरणाऱ्याने कागद वाचलेला नाही. एकदा माझाच एक हेल्पर असल्या सहीवर आत उतरला आणि चक्कर येऊन पडला. बाहेर ओढून काढल्यामुळे वाचला. चौकशीत कागद मात्र अगदी चोख निघाला.

कागद तोच, रकानेही तेच. एका ठिकाणी तो माणसाचा जीव राखतो, दुसऱ्या ठिकाणी साहेबाची नोकरी. डोंगराच्या परवान्याबद्दल मला पडणारा प्रश्न हाच आहे : यांतला कुठला कागद आपण मागतो आहोत?

आपल्या किनाऱ्याला दुसऱ्या जातीचा कागद जुना आहे. सोळाव्या शतकात या समुद्रात जहाज घालायचं तर पोर्तुगीजांचा कार्ताझ नावाचा परवाना घ्यावा लागे. नसला तर जहाज जप्त. समुद्र सुरक्षित व्हावा हा त्यामागचा हेतू नव्हताच. पैसा त्यांच्या बंदरात यावा, एवढाच होता. याच पोर्तुगीजांनी आशेरी धरून ठेवला तो भोवतालच्या सागासाठी, कारण वसईला जहाजं बांधायला लाकूड लागे. आज आशेरीवर गेलात की दगडात कोरलेला मुकुट आणि राजचिन्ह दिसतं. फोटो जरूर काढा. पण शिक्का उठवणाऱ्याचं लक्ष डोंगरावर असतं की लाकडावर, हेही तिथे उभं राहून आठवा.

आता आपल्या काळातले नियम. साहसी शिबिरात मुलगा गमावलेल्या पालकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, त्यातून राज्याला नियम करणं भाग पडलं. २०१४ चा शासन निर्णय गिर्यारोहकांना पटला नाही, वाद न्यायालयात गेला, २०१८ मध्ये नवा निर्णय आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पर्यटन विभागाचं साहसी पर्यटन धोरण. त्यात मोहिमा आयोजित करणाऱ्यांची नोंदणी आली, सुरक्षेच्या सूचना आल्या. पोरांना पैसे घेऊन डोंगरावर नेणाऱ्याला प्रथमोपचार यावा, दोर हाताळता यावा, यात वावगं काय? मी त्याच्या बाजूने आहे. पण तो नियम आयोजकाचा. रविवारी सकाळी चार मित्र मोबाइलवर वाट बघत निघतात, त्यांना तो भेटतच नाही.

त्यांना भेटतो तो मनाई आदेश. पावसाळा आला की धबधब्यांवर जमावबंदी लागते. पूर्वी कलम १४४ होतं, जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १६३ आहे. मला जिल्हा प्रशासनाची अडचण कळते. ७ जुलै २०१८ ला चिंचोटीच्या धबधब्यावर पाणी चढलं, शंभरावर माणसं अडकली, एकाचा जीव गेला. तिथे फलक लावून भागणार नव्हतं. पण बंदीचा एक तोटा कोणी बोलत नाही. बंदी असलेल्या डोंगरावर माणूस चोरून जातो, आणि चोरून जाणारा पायथ्याच्या गावात सांगून जात नाही. म्हणजे त्याला शोधायला निघायचं तर कुठल्या वाटेला लागायचं, हे सांगणारं कोणी उरत नाही.

आता माझी गोष्ट. गोष्ट कसली, कबुली आहे.

१९८७ सालचा पावसाळा संपत आला होता. आम्ही पाच जण वाघोट्याहून कोहोज चढायला निघालो. धरणाच्या कडेने जाताना शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे वारली बाबा बसले होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले. किती जण? पाणी आहे का? कुठून उतरणार? आम्ही म्हटलं, इथूनच. ते म्हणाले, "खाली आलात का हाक मारा." आम्ही हसून हो म्हटलं. वर माणसाच्या आकाराचा तो सुळका पाहिला, डबे खाल्ले, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की दुसऱ्या बाजूने उतरू. सांगे गावाच्या अंगाला उतरलो, वाड्याकडची एसटी मिळाली, खुशीत घरी गेलो.

थंडीत पुन्हा वाघोट्याला गेलो. बाबांनी ओळखलं. त्या रात्री ते आणि त्यांचा पुतण्या टेंभा घेऊन गडावरच्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत जाऊन आले होते. आम्ही हाक मारली नव्हती ना. पावसातली वाट, अंधार, आणि वय साठीच्या पुढचं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "एसटी मिळाली ना?"

मंडळी, एवढा अचूक परमिट इन्चार्ज मला तारापूरच्या एकाही प्लांटमध्ये भेटला नाही. जागेवर बसलेला, माणसं मोजणारा, पाणी तपासणारा, बाहेर उभा राहणारा. परमिट क्लोज न करता पळालो ते आम्ही. तेव्हापासून 'डोंगर कोणाच्या बापाचा' हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही.

या डोंगरांना विचारून जायची पद्धत आपण ट्रेकवाल्यांनी आणलेली नाही. पालघर-मनोर रस्त्यावर, काळदुर्गाची वाट फुटते त्या खिंडीत वाघोबा बसला आहे. रानात जाणारा माणूस त्याला हात जोडूनच पुढे जातो. डहाणूच्या महालक्ष्मीच्या चैत्रातल्या जत्रेत विवळवेढ्याच्या सुळक्यावर रात्री ध्वज चढतो. तो मान वाघाडीच्या पुजाऱ्याचा. जत्रेला लाखभर माणूस लोटतो, पण त्या सुळक्यावर आपणही चढावं असा हट्ट कोणी धरत नाही. गर्दी आवरायची ही रीत एकाही शासन निर्णयात लिहिलेली नाही.

मग गाइड सक्तीचा करून टाकावा का? नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना केला. आपल्यातले जे एव्हरेस्टच्या पायथ्याला जाऊन आले त्यांना त्यातली गंमत ठाऊक असेल. ज्या खुंबूत एव्हरेस्ट आहे, तिथल्या पासांगल्हामू गावपालिकेने ही सक्ती आपल्याकडे लागू केली नाही. ती स्वतःचा परवाना देते, पैसे स्वतः घेते. काठमांडूने काय ठरवायचं आणि खुंबूने काय, हा तिथलाही वाद आहे.

आपल्याकडे सक्तीआधी पंचांग बघावं लागेल. आपली सर्वाधिक गर्दी कधी? जुलैत. आणि जुलैत वाघोटे, खोडकोना अशा पायथ्याच्या गावांतला माणूस कुठे असतो? गुडघाभर चिखलात, भातलावणीला. हंगामातला एक दिवस गेला तर पुढचं वर्ष जातं. तुमच्या फोटोसाठी तो खाचर सोडून का यावा? बरं, दुसरा हंगाम थंडीचा. दिवाळी झाली की अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला बाहेर पडतो, आणि घराला कडी लागते ती होळीपर्यंत. तुमच्या दोन्ही हंगामांत तुमचा गाइड गावात नाही. कागदावर सक्ती केलीत तर होणार एवढंच, की मुंबईहून ओळखपत्र गळ्यात घालून आलेला मुलगा 'लोकल गाइड' म्हणून उभा राहील आणि गावात चहाचे पैसे तेवढे उरतील.

उलट बाजूने बघा. थंडीतल्या शनिवार-रविवारचं वाट दाखवण्याचं काम खात्रीचं झालं, महिन्याला ठरावीक रक्कम गावात आली, तर दोन-चार घरं भट्टीवर जायची थांबतील. रक्कम किती? हायवेवर चौघांच्या नाश्त्याला आपण मोजतो, तेवढीच एका गटामागे. या हिशेबावर मी सक्तीच्या बाजूला झुकतो, हे लपवत नाही. पण सक्ती कोणी करायची यावर माझं सगळं म्हणणं अडलेलं आहे.

आणि इथे नवा कायदा लागतच नाही. आपल्या पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याचं पाचवं कलम काढून वाचा. सामूहिक वनसंपत्तीत कोणाला कसं जाऊ द्यायचं याचे निर्णय ग्रामसभा घेऊ शकते, आणि ते पाळले जातील हे बघायचा अधिकारही त्यात आहे. वीस वर्षं होत आली या कायद्याला. आपल्या एकाही क्लबने पायथ्याच्या ग्रामसभेत जाऊन विचारलं नाही, की बाबांनो, आम्ही यावं का, किती जणांनी यावं, कुठली वाट लावणीच्या काळात बंद ठेवायची. आपण वन विभागाला पत्रं लिहिली, कलेक्टरना निवेदनं दिली. ग्रामसभेला एकही नाही. यात मीही आलो. (तुंगारेश्वर अभयारण्य आहे, तिथला परवाना वन विभागाचाच राहील. मी बोलतोय ते बाकीच्या डोंगरांबद्दल.)

गाव म्हणेल ते सगळं बरोबरच, असंही माझं म्हणणं नाही. जुलै २०२० मध्ये काळमांडवीच्या धबधब्यात पाच मुलं गेली. ती पुण्या-मुंबईची नव्हती, जव्हारचीच होती. जवळ राहतो म्हणून पाणी कळतं असं नसतं. वाटाड्यालाही दोर, प्रथमोपचार, पाणी कसं चढतं हे शिकावं लागेल, आणि ते शिकवणं आपलं काम आहे. आपल्यात कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर आहेत, अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले आहेत, फायर ब्रिगेडचे आहेत. एवढी शिकलेली माणसं दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या ट्रेक क्लबांत सापडणार नाहीत. आणि आपण त्यांना वर्धापनदिनी सूत्रसंचालनाला बसवतो.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. आशेरी, काळदुर्ग, कोहोज, तांदुळवाडी आणि गंभीरगड या पाच गडांच्या पायथ्याला एकेका घरी वही ठेवायची. किती जण, पाणी किती, कुठून उतरणार, उतरल्याची वेळ. वहीचे पैसे त्या घराचे. त्याआधी त्या त्या ग्रामसभेपुढे आपण हात जोडून उभं राहायचं आणि तिची परवानगी मागायची. तिने नाही म्हटलं, तर त्या गडावर आपण जायचं नाही.

ठरावाचा मसुदा मी वाचला आहे. त्यात सहा ठिकाणी 'गाइड' असा शब्द पडला आहे. तो खोडून तिथे 'वाटाड्या' लिहावा, ही माझी पहिली दुरुस्ती. आणि वहीतला उतरल्याच्या सहीचा रकाना मसुद्यात राहून गेला आहे, तो घालावा, ही दुसरी.